मोडलेली हाळी

माझं माहेर मंद्रूपकडचं. तिथं शेतात उभं राहिलं की दोन कोसांवरची एस.टी. आधी धुरळ्यानं दिसते, मग आवाजानं कळते. पाहुणा दिसल्यावर चुलीवर आधण ठेवलं तरी चालतं. अशा उघड्या मुलखातली मुलगी बार्शीच्या पलीकडे, बालाघाटाच्या घड्यांत दडलेल्या एका गावात द्यायची ठरली, तेव्हा आमच्या वडिलांनी दोनच गोष्टी पाहिल्या. मुलगा तंबाखूसुद्धा खात नाही आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं. दुष्काळ नुकताच सरला होता, त्यामुळे पाणी म्हटलं की बापमंडळी बाकी सगळं विसरायची. गावाभोवतीचं रान कुणी पाहिलं नाही. आमच्याकडे रान म्हणजे शेत, त्यात पाहायचं काय?

लग्न लागून मी त्या गावी गेले ती फाट्यापासून बैलगाडीनं. वऱ्हाडातल्या बाया गाणी म्हणत होत्या. झाडी सुरू झाली तशा त्या एकेक करून गप्प झाल्या. मला वाटलं दमल्या असतील. पाठराखीण म्हणून आलेली माझी मावशी मागच्या गाडीत होती. तिनं माझ्या नावानं मोठ्यानं हाक मारली, "आगं, पान्याचा तांब्या तुज्याकडं हाय का?"

मी ओ देणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला. त्या हाताला हळदीचा आणि शेणाचा वास येत होता. गाडीवान मागं वळून माझ्याकडे बघत राहिला, बैल आपले चालत राहिले.

"हितं कुनाचं नाव घ्यायचं नसतंय," सासूबाई मावशीला म्हणाल्या. "आन् कुनी घेतलंच तर ओ द्यायची नसती."

मावशीनं रात्री मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, माणसं बरी हायती न्हवं ही?" मी काय सांगणार? मला येऊन अर्धा दिवस झाला होता.

माणसं बरीच होती. गावही तसं वाईट नव्हतं. तीस-पस्तीस उंबरे, धाब्याची घरं, मारुतीचं देऊळ, त्यापुढं चिंच, चौथीपर्यंतची शाळा आणि सोमवारी उगवून शुक्रवारी मावळणारे मास्तर. वीज नव्हती. एका अंगाला फाट्याची वाट, बाकी सगळीकडे झाडी: धावडा, सालई, टेंभुर्णी, खैर, आणि खाली मिळेल त्या जागेत सीताफळीची झुडपं. सोलापूर जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढं माळ आणि बाभळी येतात. ते काही खोटं नाही, पण आमच्या त्या कोपऱ्यात पावसाळ्यात परड्यात उभं राहिलं तर ओढ्यापलीकडचं काही दिसत नसे. उन्हाळ्यात पानं झडत. मला वाटलं, आता तरी आरपार दिसेल. तर एका पांढुरक्या खोडामागं दुसरं खोड, दुसऱ्यामागं तिसरं, आणि चालतं माणूस त्यात असं मिसळून जाई की हाकेच्या अंतरावर असलं तरी डोळ्यांना सापडत नसे. हिरवं रान परवडलं, हे उघडं नको, असं मला पहिल्याच उन्हाळ्यात वाटायला लागलं.

गाव मात्र रानावरच जगत होतं. शेतं थोडी, उताराची, हुलगा-मटकी देणारी. दसऱ्या-दिवाळीला सीताफळं पाट्या भरभरून बार्शीच्या बाजारात जात, आणि उन्हाळ्यात धावड्याचा डिंक. बाळंतिणीच्या लाडवात आपण ज्याचं कौतुक करतो तोच हा. तो काढायला माणसं पहाटे रानात शिरत ती दिवेलागणीला बाहेर येत. दिवसभर कुणी कुणाला दिसत नसे. नावानं हाक मारायची बंदी. मग एकमेकांचा पत्ता लागायचा कसा? तर हाळीनं.

प्रत्येक घराची स्वतःची हाळी होती. त्यात शब्द नाही, नाव नाही. हातांची ओंजळ तोंडाशी धरून काढलेला नुसता आवाज. घरच्या माणसानं हाळी द्यायची आणि घरच्याच माणसानं तीच हाळी परत द्यायची, म्हणजे ओ दिल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या हाळीला ओ द्यायची नाही हा गावाचा कायदा. शेजारच्या घराची हाळी कण्हल्यासारखी होती. देवळाजवळच्यांची तीन तुकड्यांची, मध्ये दम घेतल्यासारखी. आमची दोन आखूड आणि एक लांब. ती लांब शेवटी वर चढायची आणि चढल्या जागी थांबायची. म्हातारी माणसं सांगत, रानात नाव घेतलं की रान ते शिकतं, मग रानच त्या नावानं बोलावतं आणि माणूस जातं. मी विचारलं, "मग रान हाळी न्हाय का शिकत?" तर नव्या सुनेनं असलं विचारू नये, एवढंच उत्तर मिळालं.

ओढ्याच्या अलीकडे, जिथं गाव संपतं, तिथं हाळीचा धोंडा होता. नव्या सुनेला त्या धोंड्यावर चढवून सासरची हाळी द्यायला लावायचे. रानातून नवऱ्याची ओ आली की सून घरची झाली. अक्षता एक वेळ राहिल्या तर चालतील, पण ही ओ पाहिजे. माझी इथं पंचाईत झाली. लहानपणी मी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेली. पाखरं उठवायला लांब हाळी द्यायची आणि शेवटी गोफणीतून दगड सोडताना छातीतून 'हा' असा झटका निघायचा. तो झटका माझ्या गळ्यात कायमचा बसला होता. मी धोंड्यावर चढले, ओंजळ धरली, दोन आखूड दिल्या, एक लांब दिली, आणि शेवटी 'हा'.

"आगं, मानूस बोलवायलीस का पाखरं हाकायलीस?" असं सासूबाई म्हणाल्या आणि जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रानातून आमच्या मालकांची ओ आली तीही हसत हसत, हे मला इतक्या लांबून कळलं आणि तेव्हाच तो माणूस मला आवडला. सासूबाई मात्र हसल्या नव्हत्या. "ह्ये शेपूट काडून टाक," त्या म्हणाल्या. "न्हाय निगालं तर रानात हाळी दिऊ नगस."

ते काही निघालं नाही. जित्याची खोड म्हणतात ती ही. त्यामुळे लाकूडफाट्याला जाताना मी कायम थोरल्या जाऊबाईंच्या मागं मागं असे.

जाऊबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. अंगानं बारीक, कामाला वाघीण, आणि जिभेला अशी धार की देवळाजवळची म्हातारीसुद्धा त्यांच्या वाटेला जात नसे. मला त्या 'धाकटे' म्हणायच्या. माझं त्यांच्याशी पहिल्या आठवड्यातच जमलं. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि नवरा कुठं विचारलं की सगळं घर गप्प. लग्न ठरवताना आम्हाला सांगितलं होतं की थोरला कामाला बाहेरगावी असतो.

खरं मला जाऊबाईंनीच सांगितलं, ओढ्यावर धुणं धुताना. थोरले भावजी दुष्काळाच्या उन्हाळ्यात डिंकाला गेले होते. शेतात काही नव्हतं, म्हणून माणसं रोज आदल्या दिवसापेक्षा आत शिरत होती. ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका धावड्याच्या फांदीला त्यांची डिंकाची पिशवी सापडली, अर्धी भरलेली, तोंड नीट बांधलेलं. खाली बुंध्याला कुऱ्हाड टेकवून ठेवलेली. आत्ता येतो म्हणून बाजूला गेलेल्या माणसानं ठेवावी तशी. रक्त नाही, ओढल्याची खूण नाही. कुणी म्हणालं तरस, कुणी म्हणालं चकवा, कुणी म्हणालं दुष्काळी कामावरून मुंबईची गाडी धरली असेल. जितकी तोंडं तितक्या गोष्टी.

रानात हरवलेल्या माणसासाठी गावाची एक रीत होती. घरच्या कुणीतरी रोज दिवेलागणीला धोंड्यावर उभं राहून हाळी द्यायची, म्हणजे वाट चुकलेल्याला घराची दिशा कळते. आणि आता तो येत नाही असं घरानं मानलं, की हाळी मोडायची. मोडलेली हाळी पुन्हा कुणी देत नाही, कुठून ऐकू आली तरी तिला कुणी ओ देत नाही. घराला नवी हाळी मिळते. हरवलेला माणूस त्या दिवशी मेला असं गाव धरतं, आणि त्याची बायको बांगड्या फोडते.

जाऊबाईंना ते हवं होतं. आमच्यात विधवेचा पाट लागतो. त्यांच्या भावानं माढ्याकडे एक माणूस पाहून ठेवला होता. बायको वारलेला, एक लहान मुलगी, थोडा ऊस. तो थांबायला तयार होता, पण जन्मभर नाही.

"धाकटे, मी ना सवाशीन ना रांडमुंड," जाऊबाई धुणं आपटत म्हणाल्या. "हळदीकुंकवाला बोलिवत्यात, आन् वटी भरताना हात आखडत्यात. मला माज्या मालकाचं वाईट वाटत न्हाय व्हय? लई वाटतंय. पर मला एक प्वार पायजे गं. दुसऱ्याचं आसंना का."

"मग आत्या हाळी का मोडत न्हाईत?" मी विचारलं. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात.

जाऊबाईंनी पिळलेलं लुगडं खडकावर ठेवलं. "आज तिनीसांजंला माज्यासंगं धोंड्यावर चल. तुज्या कानांनीच आईक."

मी गेले. आत्या धोंड्यावर चढल्या आणि त्यांनी हाळी दिली. इतक्या वाळक्या बाईच्या छातीतून तो आवाज कसा येतो असं वाटावं, असा मोठा. पलीकडच्या कड्यावरून लगेच तिचा पडसाद आला. त्याला गावात डोंगराची ओ म्हणत, आणि तो कुठून नि कधी येतो हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. मग शांत झालं. मी घरी जायला वळले तर जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. किडे ओरडत होते ते एकदम थांबले. एक भाकरी थापून तव्यावर पडेल एवढा वेळ गेला असेल, आणि रानाच्या आतून, कड्याच्या बाजूनं नव्हे, भलतीकडूनच, आमच्या घराची हाळी आली. दोन आखूड, एक लांब. वर चढली आणि चढल्या जागी थांबली.

मी भ्याले. उगाच शब्द फिरवत नाही. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा म्हणावा तर तसाही नव्हता. चुकीचं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच मला सोसवेना. आत्यांनी डोळे पुसले आणि "हाय, हाय, जित्ता हाय," असं म्हणत त्या खाली उतरल्या. जाऊबाई आपल्या पायांकडे बघत होत्या.

हे रोज चालायचं. पहिल्या वर्षी गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन त्या आवाजाच्या मागावर गेली होती. आमचे मालकही होते. जितकं पुढं जावं तितका आवाज पुढं सरके. असं करत करत ती पार आत गेली, आणि मग हाळी त्यांच्या पाठीमागून आली, त्यांच्या आणि गावाच्या मधून. त्या दिवसापासून त्या मागावर कुणी गेलं नाही. फॉरेस्टचा गार्ड म्हणाला, कोतवाल पाखरू कुणाचाही आवाज काढतं. "आसंल की सायेब," म्हणून लोकांनी त्याला चहा पाजला. आमच्या मालकांनी त्यानंतर धोंड्याकडे कधी तोंड केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "दादा मुंबैला आसंल," आणि विषय बैलांवर न्यायचे.

आत्यांपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. जाऊबाईंचा भाऊ दोनदा येऊन रिकाम्या हातानं गेला. "माजा ल्योक ओ देतुया," आत्या त्याला म्हणाल्या. "दमलाय, वाट गावंना झालीया त्याला. त्यो ओ दितूस्तवर मी हाळी मोडू? तू तुज्या आईला इचारून ये, तिनं मोडली आसती का." फाट्यापर्यंत जाऊबाई त्याला पोचवायला गेल्या आणि आल्यावर त्यांनी गोठा असा झाडला की खालची जमीन निघायची बाकी राहिली.

मला आत्यांचा राग यायचा. एका पोरीचं आयुष्य नुसत्या आवाजाला बांधून ठेवलं म्हणून यायचा. आणि मग तिन्हीसांजेला त्यांची ती वाळकी पाठ धोंड्यावर ताठ झालेली दिसली की राग जायचा.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी आत्यांना हिवताप आला. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जाईना. उठता येईना. दिवस कलला तशी त्यांची तगमग सुरू झाली. हाळी चुकली तर तो वाट चुकेल. जाऊबाईंना देता येत नव्हती, कारण बायको जसं नवऱ्याचं नाव घेत नाही तशी हरवलेल्या नवऱ्यासाठी हाळीही देत नाही. आमचे मालक आईच्या पायाशी बसले, तेल चोळलं, पण धोंड्यावर जायला उठले नाहीत. राहता राहिले मी.

"आत्या, माजं शेपूट," मी म्हणाले.

"शेपटासकट दे," त्या गोधडीतून म्हणाल्या. "पर दे."

मी दिली. दोन आखूड, एक लांब, आणि किती दाबला तरी निसटलेला तो 'हा'. किडे थांबले. ओ आली. ती नेहमीसारखीच, वर चढून थांबणारी, स्वच्छ. मी धावतच घरी आले. आत्यांचा ताप उतरे आणि पुन्हा चढे, घटस्थापना झाली, दसरा आला, आणि तोवर रोज मीच हाळी देत होते. त्या दिवसांत मला रानाकडे बघायची इतकी धास्ती बसली की ओ आली की नाही एवढंच ऐकायची आणि कान झाकून घ्यायची.

दसऱ्यानंतर आत्या काठी टेकत उठल्या. तिघी मिळून धोंड्यावर गेलो. त्यांना वर चढवायला आम्ही दोघींनी हात दिला. त्यांनी हाळी दिली, आवाज जरा पातळ, पण त्यांचीच, शेवट जिथल्या तिथं. पडसाद आला. किडे थांबले. मग रानातून ओ आली. दोन आखूड. एक लांब. आणि शेवटी 'हा'.

गोफणीतून दगड सुटताना निघतो तसा. माझ्या माहेरच्या ज्वारीत, माझ्या माळ्यावर, माझ्या छातीतून निघायचा तसाच.

जाऊबाईंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, "आवाज बसलाय त्याचा. गारठ्यात हिंडतुया." आणि काठी टेकत निघाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'हा' आला. तिसऱ्या दिवशीही.

जाऊबाईंनी मला आत्यांशी बोल असं सांगितलं नाही. पण भाकऱ्या करताना त्यांचे हात थांबत होते. मला ते बघवेना. मी चुलीपाशी बसलेल्या आत्यांना सरळ सांगितलं.

"आत्या, त्यो 'हा' माजा हाय."

त्यांनी चुलीतली राख पुढं ओढली.

"भावजी गेले तवा मी हितं नव्हते. त्यांनी मला कदी बगितलं न्हाय, घरची हाळी त्यास्नी जल्मापास्नं ठावी. तुमच्या हाळीला माजं शेपूट ते कशाला लावतील?"

"त्वांड मीट," आत्या म्हणाल्या. जळतं लाकूड त्यांनी चुलीत इतकं आत कोंबलं की पलीकडून ठिणग्या उडाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि पुढं काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण धोंड्यावर मात्र त्यांनी भलतंच सुरू केलं. आपली हाळी त्यांनी सोडून दिली. दोन आखूड, एक लांब आणि मागून मुद्दाम, घसा खरवडून, 'हा, हा'. एक नाही, दोन. मला वाटलं तापानं डोकं फिरलं. रानातून एकाच 'हा'ची ओ येत राहिली. आत्या रोज दोन देत राहिल्या. चेहरा असा की विचारायची सोय नाही. असा आठवडाभर गेला असेल. मग एका संध्याकाळी किडे थांबले, आणि रानानं दोन आखूड, एक लांब देऊन शेवटी दोन वेळा म्हटलं, 'हा, हा'.

आत्यांनी धोंड्यावरच बसकण मारली.

"माज्या पोटचा न्हाय त्यो," त्या म्हणाल्या. "शिकतंय ते. माज्याकडनं शिकतंय. आन् मी त्याला रोज हितं यिऊन शिकिवती." मग त्यांनी जाऊबाईंचे दोन्ही हात, बांगड्यांसकट, धरले. "पोरी, तुला डांबून ठिवलं गं मी."

त्या बाईला मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडताना पाहिलं. आम्ही तिघी रडलो आणि रडताना रानाकडे पाठ केली.

हाळी मोडायचा दिवस ठरला. गावातली म्हातारी माणसं आली. घरातल्या सगळ्यांनी रानाकडे पाठ आणि गावाकडे तोंड करून उभं राहायचं. आमचे मालक त्या दिवशी पहिल्यांदा धोंड्यापाशी आले. आत्यांनी घराची हाळी शेवटची दिली, गावाच्या दिशेनं, शेपटाशिवाय, पहिल्यासारखी. सगळं गाव समोर उभं होतं आणि कुणी ओ दिली नाही. एक घागर पाणी धोंड्यावर ओतलं. जाऊबाईंनी धोंड्यावर बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. देवळाजवळच्या म्हाताऱ्यानं नवी हाळी काढून दिली, एकच लांब, खाली उतरणारी, ओठ मिटून संपणारी. ती मला पहिल्याच झटक्यात जमली. ओठ मिटल्यावर 'हा' निघणार कुठून? आत्या रडत होत्या त्यातही म्हणाल्या, "बगा, पाखरं उडाली हिची."

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला रान गप्प राहिलं. किडे ओरडत ते ओरडतच राहत. मला बरं वाटायला हवं होतं, आणि मी कान देऊन बसत होते.

थंडी सरता सरता जाऊबाईंचा भाऊ त्यांना न्यायला आला. पाट ठरला होता. आत्यांनी जाऊबाईंना पाटावर बसवलं आणि त्यांची ओटी भरली. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या, तर त्यांना म्हणाल्या, "लेकीची वटी भरायली मी. कुनाला काय म्हनायचंय?" कुणाला काही म्हणायचं नव्हतं. न्याहारी करून आम्ही निघालो. ऊन चांगलं वर आलं होतं. भाऊ डोक्यावर ट्रंक घेऊन पुढं, मागं आम्ही तिघी. फाट्याच्या वाटेवर झाडी जिथं सुरू होते तिथपर्यंत पोचवून मागं फिरायचं ठरलं होतं. जाऊबाई आत्यांच्या पाया पडल्या. मला म्हणाल्या, "धाकटे, शेरडाला टेंभुर्णीचा पाला घालत जा, नुसत्या बाभळीवर ठिवू नगस." मी मान हलवली.

त्यांनी चार पावलं टाकली आणि वाटेच्या डाव्या अंगानं, झाडीतून, हाळी आली.

भर उन्हाची. इतक्या जवळून ती कधीच आली नव्हती. दोन आखूड, एक लांब. वर चढली आणि चढल्या जागी थांबली. मी पुढच्याची वाट पाहिली. पुढं काही नव्हतं. एकही 'हा' नव्हता.

जाऊबाई थांबल्या. त्यांचे ओठ उघडले. हात आपोआप ओंजळ करून तोंडाकडे निघाला होता. आत्या माझ्या शेजारी होत्या, त्या कधी पुढं गेल्या कळलं नाही. त्यांनी जाऊबाईंच्या तोंडावर हात ठेवला, माझ्या तोंडावर ठेवला होता तसाच, दाबून. दुसऱ्या हातानं त्यांनी स्वतःचा पदर स्वतःच्या तोंडात कोंबला. हाळी पुन्हा आली. तीच, स्वच्छ, आणि शेवटी जराशी दमलेली. आत्यांचं सगळं अंग हलत होतं. हात मात्र निघाला नाही.

मग त्यांनी जाऊबाईंच्या पाठीला हात लावून त्यांना पुढं ढकललं. पुढं गेलेला भाऊ वळून बघत होता, त्याला काहीच समजलं नव्हतं. जाऊबाई चालू लागल्या. आधी हळू, मग भराभर. डोक्यावरची ट्रंक आणि मागचं लुगडं वळणावर दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिसरी हाळी आली नाही.

आत्यांनी पदर तोंडातून काढला. त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. माझं शेपूट तर त्यांना गावच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू यायचं.

"शेपूट व्हतं न्हवं गं त्याला?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"व्हतं की आत्या," मी म्हणाले. "दोन 'हा' व्हते."

त्यांनी मान हलवली, माझा हात धरला, आणि आम्ही घराकडे निघालो.